आतून कडी लागणारी खोली

आज सकाळी उठल्यावर तुम्ही तुमचं घर कुठे ठेवलंत? हसू नका, खरंच विचारतेय. झटकून घडी घातलीत का? ओलं होतं का? पिशवीत मावलं का? आणि मग ते सगळं ढकलत तुम्ही दवाखान्यात, कामावर, संडासाला कसे गेलात?

मॅविस ड्रिस्कॉलला हे प्रश्न रोज सकाळी सोडवावे लागायचे, आणि तेव्हा तिनं साठी ओलांडली होती.

आमच्या शहरात समुद्राकाठच्या बागेत रात्री तंबू ठोकता येतो. मेहेरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून. प्रांताच्या कोर्टानं मागेच सांगून ठेवलंय की निवाऱ्यांमध्ये खाटा कमी आणि माणसं जास्त असतील, तर उघड्यावर झोपणाऱ्याला डोक्यावर आडोसा करण्यापासून सरकार अडवू शकत नाही. देशाच्या हक्कांच्या सनदेतल्या सातव्या कलमात जगणं, मोकळीक आणि देहाची सुरक्षितता असे तीन शब्द आहेत, त्यात हेही येतं. मोठा निकाल होता. कॅनडाभर गाजला, विद्यापीठात शिकवतात म्हणे. आमच्या पालिकेनं मान तुकवली आणि नियम केला: संध्याकाळी सातला तंबू ठोका, सकाळी सातला उपटा. म्हणजे हक्क दिला, पण रातपाळीचा.

पालिकेचा निरीक्षक ड्वेन सातच्या आधीच बागेत फिरायला लागायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

"मॅविसबाई, उठताय ना? सात वाजत आले."

"मी उठलेय रे. गुडघे झोपलेत अजून, त्यांना हाक मार."

"मला वर कळवावं लागेल हं."

"कळव की. आईलाही कळव, पोरगा साहेब झाला, सकाळी सकाळी बायकांच्या अंगावरची पांघरुणं ओढतो."

ड्वेन लाल व्हायचा आणि खाली बसून स्वतःच तिच्या खुंट्या उपटायला लागायचा. हे त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. एकदा मी त्याला तसं सुनावलंही, तर मॅविस माझ्यावरच उखडली. "तो वाकतोय म्हणून मला वाकावं लागत नाही. तुझं तत्त्व तिकडे ठेव."

मॅविस किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, माशांच्या कारखान्याच्या वस्तीत वाढली. आई रावस डब्यात भरायची, पुढे मॅविसही तिच्या शेजारी उभी राहून तेच करायला लागली. वाफेत उभं राहून राहून छाती तिथेच खराब झाली, असं ती सांगायची. कारखाना बंद पडला तशी ती शहरात आली, हॉटेलांच्या चादरी धुण्याच्या कामाला लागली, आणि एका घराच्या तळघरातल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं राहिली. मग घर विकलं गेलं. नवा मालक म्हणाला, दुरुस्ती करायचीय, रिकामं करा. दुरुस्तीनंतरचं भाडं ऐकून ती त्याच्या तोंडावर हसली होती. काही महिने ती आपल्या जुन्या गाडीत झोपली. गाडी बिघडली आणि उचलून नेली. मग तंबू.

दारू नाही, नशेच्या सुया नाहीत, डोकं ठिकाणावर. लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो म्हणून सांगितलं. हक्काचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही.

माझी तिची ओळख भांडणात झाली. सार्वजनिक वाचनालयात मोठ्या पिशव्या नेऊ देत नाहीत, आणि मी दारावरच्या रखवालदाराला सनदेतलं कलम पाठ म्हणून दाखवत होते. मी नववीतून शाळा सोडलेली. जे काही कायदा म्हणून मला येतं ते त्याच वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर बसून शिकलेय, आणि ते मी कुणालाही ऐकवते. मागून एक बाई म्हणाली, "पोरी, तो नियम याच्या आईनं केलेला नाही. ज्यानं केलाय त्याच्यावर जाऊन ओरड. तुझी पिशवी मी बघते."

मी आत गेले. बाहेर आले तेव्हा ती माझ्या पिशवीवर बसून चहा पीत होती. त्या दिवसापासून मी वकिलीणबाई झाले. माझं नाव कॉरीन आहे, पण तिच्या तोंडात ते येत नसे.

पिशवी बघणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर अडलेलं होतं. सकाळी सातला तंबू उपटला की तो, पांघरुणं, भांडं, कपडे असं सगळं एका ढकलगाडीवर चढतं. ती गाडी बसमध्ये चढत नाही. दवाखान्यात, वाचनालयात, दुकानात येत नाही. कुठे उभी करून गेलात तर पालिकेचा ट्रक बेवारस म्हणून उचलतो, आणि ते सोडवून आणायला गावाबाहेरच्या गोदामात जावं लागतं. म्हणून बागेतल्या लोकांनी राखण लावून घेतली होती. आज तू माझी गाडी बघ, उद्या मी तुझी बघते. ज्याची राखण असेल त्यानं दिवसभर जागचं हलायचं नाही. कुणी राखण चुकवली तर त्याच्याशी कुणी आठवडाभर बोलायचं नाही. पालिकेचे नियम लोक मोडायचे, पण राखणीचा नियम कुणी मोडायचं नाही.

मॅविसचा राखणीतला जोडीदार होता ऑरव्हिल, एकेकाळी लाकूडतोडीच्या छावणीत स्वयंपाक करणारा. तो नेमका त्या दिवशी आला नाही, ज्या दिवशी तिला छाती तपासायला जायचं होतं. त्याची स्वतःची गाडी उचलून नेली होती आणि तो गोदामाच्या फाटकाशी उभा होता. मॅविस पावसात इतरांच्या गाड्यांजवळ बसून राहिली. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती ओलीचिंब.

"सोडून जायचं होतंस," मी म्हणाले.

"कुणाच्या भरवशावर?"

"पुढची तारीख कधी दिलीय?"

"वसंतात. तोवर छातीला सांगितलंय, धीर धर."

याचिका तिथे जन्मली. मी इंग्रिड हॅलस्टेडकडे गेले. ही गरिबांचे खटले फुकट लढणारी वकील, उंच, शांत, कधी आवाज न चढवणारी. मला तिचा त्याबद्दलच राग यायचा. मी म्हणाले, रात्री जगायचा हक्क आहे आणि दिवसा नाही, असं सातव्या कलमात कुठे लिहिलंय? आजारी माणसानं दिवसा कुठे आडवं व्हायचं? इंग्रिडनं ते लिहून घेतलं आणि म्हणाली, "हे मांडता येईल."

मांडायला माणसं लागतात. तिघं पुढे आले. कर्टिस नावाचा एक जण शरद ऋतू संपायच्या आत वारला. दुसरा शेजारच्या आल्बर्टा प्रांतात मुलीकडे राहायला गेला, आणि चांगलं झालं. उरली मॅविस.

तिची शपथेवरची कैफियत इंग्रिडनं आणि मी मिळून लिहून घेतली. सरकारी वकील नेहमी एकच म्हणतात, की ही माणसं हौसेनं बाहेर राहतात. त्याला उत्तर म्हणून मी विचारलं, "मॅविस, खोली मिळाली तर जाशील?"

"आतून कडी लागणारी, माझ्या नावाची कुठलीही खोली द्या. आजच्या आज जाते."

मी म्हटलं, हे असंच्या असं लिहा. वाक्य मला फार आवडलं होतं. शपथेवर गेलं.

त्याच सुमारास पालिकेनं बागेच्या नियमावर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा बोलावली. एक तरुण आई उठली. म्हणाली, तिच्या पोरानं झोपाळ्याखाली सुई उचलली होती, डॉक्टरकडे पळावं लागलं, सहा महिने झोप नव्हती. "माझ्या पोराच्या देहाच्या सुरक्षिततेचं काय?" तिच्यानंतर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, कोर्टांनी फार डोक्यावर बसवून ठेवलंय. सनदेतच तेहतिसावं कलम आहे. ते वापरून सरकार हक्क बाजूला ठेवून पाच वर्षांसाठी कायदा करू शकतं. ते वापरा आणि बाग मोकळी करा. टाळ्या पडल्या.

मॅविसनं मला कोपरानं ढोसलं. "खरंच असं कलम आहे?"

"आहे."

"म्हणजे हक्क आहे, पण सरकारच्या मनात नसेल तर नाही."

"तसंच काहीतरी."

"मग एवढं जाड पुस्तक कशाला छापलं? एका ओळीत झालं असतं."

तिची पाळी आली तेव्हा मी तिला बोलण्याचे मुद्दे पढवून ठेवले होते. तिनं ते बाजूला ठेवले आणि त्या आईकडे वळली. "बाई, ती सुई माझी नव्हती, पण मी रोज सकाळी झोपाळ्याखाली बघते. बघून मगच गाडी ढकलते. मला सातला हाकलतात ना, म्हणून नऊला पोरं येतात तेव्हा बघायला मी तिथे नसते." मग अध्यक्षांकडे बघून म्हणाली, "एवढंच." जाताना त्या आईनं मॅविसकडे बघून मान हलवली. त्याचा अर्थ काय, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

सुनावणी थंडी ओसरता ओसरता लागणार होती. त्याच्या थोडं आधी, मॅविसचा खोकला इतका वाढला होता की बोलताना तिला वाक्य मधेच सोडावं लागायचं, तेव्हा इंग्रिडनं आम्हाला दोघींना बोलावून घेतलं. टेबलावर तिनं चहा ठेवला. त्यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"मॅविसबाई, दुसऱ्या बाजूनं निरोप आलाय. तुमच्यासाठी एक खोली आहे. महामार्गाजवळचं जुनं मोटेल सरकारनं घेतलंय ना, तिथे. तुमच्या एकटीच्या नावावर. सोमवारी किल्ली मिळेल."

मॅविसनं चहाचा कप जवळ ओढला. मी बोलले. "शेकडो लोक घरांच्या यादीत हिच्या वर आहेत, आणि खोली नेमकी हिला? सुनावणीच्या तोंडावर?"

"हो," इंग्रिड म्हणाली.

"हे उघड उघड विकत घेणं आहे."

"असेल. पण प्रस्ताव आला की तो अशिलापुढे ठेवणं माझं काम आहे. नको म्हणा, असं मी सांगू शकत नाही."

"मी सांगते ना."

"वकिलीणबाई," मॅविस म्हणाली, "जरा चहा पी." मग इंग्रिडकडे वळून: "मी गेले तर खटल्याचं काय?"

"ते कोर्टाला सांगतील, याचिका करणाऱ्या बाईंना घर मिळालं, आता भांडण उरलं नाही. बहुतेक कोर्ट ऐकेल."

"आणि नाही गेले तर?"

इंग्रिडनं चष्मा काढला. "तर ते तुमची कैफियत वाचून दाखवतील. आजच्या आज जाते, असं तुम्ही शपथेवर म्हणालात. खोली दिली आणि गेला नाहीत, म्हणजे बाहेर राहणं ही तुमची निवड ठरते. हा हक्क ज्याला दुसरी जागा नाही त्याच्यासाठी आहे. तुम्हाला जागा होती."

"म्हणजे आत गेले तरी हरले, बाहेर राहिले तरी हरले."

"कायद्याच्या दृष्टीनं, जवळजवळ."

"कायद्याला दृष्टी आहे म्हणायची," मॅविस म्हणाली, आणि हसता हसता खोकत राहिली. खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघी भिंतीकडे बघत होतो.

सोमवारी आम्ही खोली बघायला गेलो. व्यवस्थापक तरुण होता, नम्र, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. खोली खरं सांगायचं तर चांगली होती. पलंग, छोटा फ्रिज, भिंतीत हीटर, न्हाणीघरात गरम पाणी. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती. मॅविस न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि त्याच्याखाली हात धरून उभी राहिली. बराच वेळ.

बाहेर येऊन ती दार उघडझाप करून बघायला लागली.

"किल्ली कुणाकडे?"

"एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे," व्यवस्थापक म्हणाला.

"आणि आतून कडी?"

"कडी नसते. सुरक्षेसाठी."

"कुणाच्या?"

"तुमच्याच, बाई. आम्ही रोज एकदा दार वाजवतो, तुम्ही ठीक आहात ना बघायला. उत्तर आलं नाही तर उघडतो. लोक आत मरून पडतात, आणि दुर्गंधी आल्यावर कळतं. तसं होऊ नये म्हणून."

"भेटायला कुणी आलं तर?"

"पाहुणे सध्या बंद आहेत. आणि रात्री बाहेर राहायचं तर आधी कळवायचं. सलग काही रात्री आला नाहीत तर खोली दुसऱ्याला जाते."

"भाडेकरूंचा कायदा?" मी विचारलं.

"तो इथे लागू नाही. या भाडेकरू नसतील, रहिवासी असतील."

मी मॅविसला पार्किंगमध्ये ओढलं. मला रस्ता सापडला होता. "ऐक. तू शपथेवर आतून कडी लागणारी खोली म्हणालीस. ही ती खोली नाही. नको म्हण. कोर्टात सांगू, बागेत तंबूची चेन तरी आतून लावता येत होती, इथे सरकारकडे किल्ली आहे. उलट आपली बाजू आणखी मजबूत होते."

इंग्रिडला तिथूनच फोन लावला. तिनं ऐकून घेतलं. "कॉरीन, न्यायाधीश म्हणतील, छप्पर होतं, हीटर होता, पलंग होता, आणि बाई एका कडीसाठी पावसात राहिली. कुणी मानणार नाही."

"मी मानते."

"तू न्यायाधीश नाहीस."

मी फोन बंद केला. मॅविस एका गाडीला टेकून उभी होती, कुणाच्या ते माहीत नाही.

"तू गेलीस की संपलं सगळं," मी म्हणाले.

"न गेले तरी संपलं, तीच म्हणाली."

"न गेलीस तर निदान भांडता येईल."

"भांडणार कोण? तू. आणि खोकणार कोण?"

"बागेतले बाकीचे? ऑरव्हिल? त्यांना दिवसा आडवं व्हायला जागा नको?"

"ऑरव्हिलचं नाव मधे आणू नकोस. त्याला मी तोंडानं सांगेन." ती थोडा वेळ श्वास घेत थांबली. "तुला कोर्टात उभी करायला बाहेर राहिलेली बाई पाहिजे. मला बाहेर राहायचं नाहीये. पहिल्या दिवसापासून नव्हतं. ते तू शपथेवर लिहूनही घेतलंस. आता मी खरं बोलले म्हणून रागावतेस?"

"मी त्यांच्यावर रागावलेय."

"मग त्यांच्यावर ओरड. मी थकलेय, कॉरीन."

तिनं माझं नाव घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी चालत निघून आले. मी आजही म्हणते, तो कडीचा मुद्दा मांडायला हवा होता. पण तो मांडायला मी पावसात झोपणार नव्हते, हेही खरं.

ऑरव्हिलला तिनं खरंच तोंडानं सांगितलं. तो म्हणे म्हणाला, "गरम पाणी आहे? मग इथे कशाला उभी आहेस?" तिची ढकलगाडी तिनं त्याला दिली. शेवटची राखण मात्र पूर्ण करून गेली.

सुनावणीला बघ्यांच्या बाकावर मी एकटीच होते. सरकारी वकील उठले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले की याचिकाकर्त्या बाईंना योग्य निवारा मिळालेला आहे, याचा सर्वांनाच आनंद आहे. मी बाकावरून काहीतरी बोलले, मला गप्प राहायला सांगण्यात आलं. इंग्रिडनं तासभर झुंज दिली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, प्रश्न गंभीर आहे, पण कोर्ट हवेतल्या प्रश्नांना उत्तरं देत नाही, त्याला माणूस लागतो. उन्हाळा लागेपर्यंत मुदत देते. ज्याला नियमाची झळ बसतेय असा कुणी, किंवा या प्रश्नात खरंखुरं लक्ष घातलेली एखादी संस्था पुढे आली, तर याचिका चालेल. नाहीतर ती निकालात काढली जाईल.

मग मी बागेत तंबूतंबूशी गेले. वाकून, चेनजवळ तोंड नेऊन नाव मागायचं. ऑरव्हिलनंच मला पहिल्यांदा विचारलं, "आणि मला खोली दिली तर?"

"तर ती घ्यायची," मी म्हणाले.

"मग खटला?"

"बुडेल."

"आणि नाही घेतली तर?"

"तरी बुडेल."

"म्हणजे मी फक्त ते खोली देईपर्यंत बाहेर भिजायचं. आणि नाहीच दिली तर जिंकायचं." त्यानं थोडा विचार केला. "एक करता येईल. माझं नाव घाल, कदाचित मलाही खोली मिळेल." तो चेष्टा करत होता. मी दुसऱ्या तंबूकडे गेले तेव्हा तिथल्या बाईनं तेच विचारलं, आणि ती चेष्टा करत नव्हती. मी तिचं नाव घेतलं नाही. रोज एकेका माणसाला गळाला लावायचं, सरकार त्याला उचलणार, आणि मागे बागेतले बाकीचे तसेच. हे काही भांडणं नव्हे.

संस्थांकडेही गेले. आमच्या शहरात गरिबांसाठी सूप वाटणाऱ्या, कांबळी वाटणाऱ्या, सल्ला वाटणाऱ्या ढीगभर संस्था आहेत. एका बाईंनी मला खुर्ची दिली, केक दिला, माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "कॉरीन, मनानं मी पूर्णपणे तुझ्याबरोबर आहे."

"मन कोर्टात दाखल करता येत नाही. संस्थेचं नाव द्या."

"आमचं निम्मं अनुदान प्रांताकडून येतं गं. बाकीचं पालिकेकडून. उद्या ते बंद झालं तर सूप कोण देईल?"

त्यांचंही खोटं नव्हतं. सगळीकडे तेच उत्तर मिळालं, फक्त केक निरनिराळे.

मॅविसला मी भेटते. मी आत जाऊ शकत नाही, म्हणून ती पार्किंगच्या कठड्याशी येते. खोकला कमी झालाय. गालावर मांस आलंय. हे मला मान्य आहे, आणि बघून बरं वाटतं. पण ती आता बोलताना सारखी दाराकडे बघते.

"वाजवतात रोज?" मी विचारलं.

"वाजवतात. आहात का, म्हणून विचारतात. नाव नाही घेत, खोलीचा नंबर घेतात. मी न्हाणीघरात असले तरी ओरडून सांगायचं, आहे म्हणून. परवा उत्तर द्यायला उशीर झाला, तर दोघं आत आले. मी टॉवेलात."

"हे लिहून दे मला. हेही सातव्या कलमात बसतं."

"लिहून दिलं की खोली राहील?"

मी काढलेलं पेन परत पिशवीत टाकलं.

"मग लिहून देत नाही," ती म्हणाली. "बागेत होते तेव्हा नियमाविरुद्ध बोलायची सोय होती. जाण्यासारखं काही नव्हतं ना माझ्याजवळ. आता गरम पाणी आहे." तिनं कठड्यावर बोटं वाजवली. "ऑरव्हिलला सांग, रविवारी मी राखणीला येते. सकाळी येऊन संध्याकाळी परत. दिवसा बाहेर राहायला बंदी नाही अजून."

ती दर रविवारी येते. बसते, गाड्या बघते, संध्याकाळ झाली की नियमाप्रमाणे परत आत जाते. खोली सुटेल या भीतीनं ती भाचीच्या लग्नालाही गेली नाही. ते लग्न वर उत्तरेला होतं, जाऊन येण्यात बऱ्याच रात्री गेल्या असत्या.

मुदत संपायला आता फार दिवस नाहीत. इंग्रिड म्हणते, एक साधी संस्था पुरे: दप्तरी नोंद असलेली, या बागेशी किंवा या लोकांशी काही काळ संबंध आलेली, आणि सरकारचा पैसा न घेणारी. अशी संस्था खोली देऊन उचलता येत नाही, आणि तिला खोकला होत नाही. तुमच्या चर्चचं महिला मंडळ असेल, कामगारांची युनियन असेल, निवृत्तांचा क्लब असेल, बागेभोवतीच्या गल्लीतल्या घरवाल्यांची संघटना असेल. तुम्हाला तंबू आवडत नसतील तरी चालेल, त्या पोराच्या आईसारखा तुमचा सुयांवर राग असेल तरी चालेल. कोर्टानं एकदा उत्तर द्यावं, एवढंच वाटत असलं तरी पुरे. येत्या बैठकीत हा विषय मांडा, ठराव करा, आणि याचिकेवर तुमच्या संस्थेचं नाव द्या. मला पुन्हा तंबूच्या चेनीशी वाकून, भिजणाऱ्या माणसाला अजून थोडं भीज म्हणायला लावू नका.